फोनवर ठेवलेली तब्येतीची नोंद डॉक्टरांच्या कामी कशी येईल

डॉक्टरांसमोर बसल्यावर पुष्कळ जण फोन पुढे करतात. पडद्यावर तीन महिन्यांचा रंगीत आलेख असतो: बीपी, ठोके, झोप, पावलं. डॉक्टर त्यावर एक नजर टाकतात आणि आपल्या मशीनचा पट्टा दंडाला बांधतात. आकडा किती वाजता घेतला, गोळीच्या आधी की नंतर, पट्टा शर्टावरून तर बांधला नव्हता ना, यातलं काहीच त्या आलेखात नसतं, आणि ते कळल्याशिवाय गोळीचा डोस कुणी बदलत नाही. ह्या तीन-चार गोष्टी सोबत असल्या तर मात्र घरचे आकडे दवाखान्यातल्या एका आकड्याहून जास्त कामाचे ठरतात. काहींचं बीपी डॉक्टरांना बघूनच चढतं. काहींचं तिथे बरोबर येतं आणि घरी चढलेलं असतं. दोन्ही प्रकार घरच्या नोंदीतूनच उघडे पडतात.

खाली जे दिलं आहे त्यासाठी आरोग्याचं वेगळं ॲप जवळजवळ लागत नाही. घड्याळ, कॅमेरा आणि नोंदवही, फोनमध्ये आधीपासून असलेल्या तीन गोष्टींवर बहुतेक काम भागतं.

फोन स्वतः काय मोजतो

मागच्या कॅमेऱ्याने नाडी मोजता येते आणि ती बऱ्यापैकी बरोबर येते. बोटाचं टोक कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही झाकेल असं ठेवायचं. प्रकाश बोटात शिरून परततो. दर ठोक्याला बोटात रक्त किंचित वाढतं, तेवढा प्रकाश जास्त शोषला जातो, आणि कॅमेरा ही कमी-जास्त होणारी लाली टिपतो. मनगटावरचं घड्याळ हेच काम बहुधा हिरव्या प्रकाशाने करतं. बोट नुसतं टेकवा. दाबलं की टोकातलं रक्त हटतं आणि आकडा उड्या मारू लागतो. हात गार असतील तर आधी चोळून गरम करा आणि अर्धा मिनिट हलू नका. आकडा पटला नाही तर मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा आणि तोच लिहा.

पट्ट्याशिवाय, नुसत्या फोनने बीपी सांगतो म्हणणारी ॲप मात्र सरळ काढून टाका. अशा एका लोकप्रिय ॲपची तपासणी २०१६ साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ज्यांचं बीपी खरोखर वाढलेलं होतं, त्यांतल्या दर चार जणांपैकी तिघांहून जास्त जणांना ते ॲप ‘ठीक आहे’ असं सांगत होतं. चुकायचंच तर नको त्या बाजूला चुकत होतं.

ऑक्सिजनचंही तसंच. ऑक्सिमीटर बोटातून दोन प्रकाश सोडतो, एक लाल (साधारण ६६० नॅनोमीटर) आणि एक इन्फ्रारेड (साधारण ९४०), आणि दोन्ही किती शोषले गेले याच्या गुणोत्तरावरून ऑक्सिजन काढतो. फोनच्या फ्लॅशमध्ये हा दुसरा प्रकाश नसतो आणि कॅमेऱ्यावर तर तो अडवणारी गाळणी बसवलेली असते. तेव्हा ऑक्सिमीटर वेगळाच घ्या. नखाचा रंग काढा, बोट गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा. पहिल्या पाच-दहा सेकंदांतला आकडा लिहायचाच नाही. सावळ्या-काळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, हे २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांच्या अभ्यासात ठळकपणे दिसलं. त्यामुळे आकडा ९५ असला तरी धाप वाढत चालली असेल तर धापेवर विश्वास ठेवा.

बीपी: जास्तीत जास्त चुका इथेच

दंडावर बांधायच्या पट्ट्याचं मशीन घ्या. मनगटाचं मशीन हात नेमका हृदयाच्या उंचीला धरला तरच बरोबर सांगतं, आणि घरी तो तसा क्वचितच धरला जातो. ब्लूटूथ आहे की नाही हे नंतर बघा. आधी त्या मॉडेलची स्वतंत्र तपासणी झाली आहे का ते पाहा. ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेच्या वेबसाइटवर पास झालेल्या मॉडेलांची यादी आहे, त्यात मॉडेलचा नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. मग पट्ट्याचं माप. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर टेपने मोजा. पट्ट्यावर तो किती सेंटिमीटरपासून कितीपर्यंत चालतो ते छापलेलं असतं. २२ ते ३२ छापलेला पट्टा ३५ सेंटिमीटरच्या दंडाला वेल्क्रो ओढून ताणून बसवता येतो, मशीनही चालू होतं, आणि बीपी वाढीव येतं. तोकडा पट्टा वाढवून दाखवतो, ढगळ पट्टा कमी.

मोजण्याची रीत अशी:

१. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम यातलं काही नको. लघवीला जाऊन या. तुंबलेल्या लघवीने बीपी वाढतं.

२. पाठ टेकून बसा. पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नको. पाच मिनिटं गप्प बसा. ही पाच मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत असलेला बरा, कारण मेसेज वाचत बसणं म्हणजे विश्रांती नव्हे.

३. पट्टा उघड्या दंडावर बांधा. गुंडाळून वर सरकवलेली घट्ट बाही दंड आवळते, त्यापेक्षा हात बाहीतून काढा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन बोटं वर, नळी दंडाच्या आतल्या बाजूने खाली. पट्ट्याखाली एक-दोन बोटं शिरतील इतकाच घट्ट.

४. हात टेबलावर पूर्ण सोडून द्या. पट्टा हृदयाच्या उंचीला यायला हवा. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी घ्या. दंड हृदयापासून १० सेंटिमीटर खाली राहिला तर नुसत्या रक्ताच्या वजनाने आकडा ७-८ अंकांनी वाढतो. मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्यांचं बीपी कित्येकदा असंच ‘वाढलेलं’ असतं.

५. मशीन चालू असताना बोलायचं नाही, ‘हूं’सुद्धा नाही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा.

हे सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं सलग सात दिवस करायचं. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. दवाखान्यात १४०/९० ही हद्द धरतात तिथे घरच्या सरासरीला १३५/८५ धरतात. अमेरिकेतल्या सूचना दोन्हीकडे १३०/८० मानतात. तुमच्यासाठी कुठली हद्द हे डॉक्टर ठरवतील. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं, हातापायातली शक्ती जाणं किंवा दिसेनासं होणं असेल तर पुन्हा मोजत बसू नका, थेट तातडीची मदत बोलवा.

नोंद एका ओळीची पुरते:

मंगळवार, सकाळी ७:१०. १४२/८८, १३८/८६. नाडी ७६. गोळीच्या आधी. रात्री झोप नीट नाही.

अशा सात दिवसांच्या चौदा ओळी एका पानावर मावतात. डॉक्टरांना हे पान द्या, ॲपचा आलेख मागितला तरच दाखवा. आवडला नाही म्हणून एखादा आकडा गाळू नका. चांगला आकडा येईपर्यंत पाच वेळा मोजून पाचवा तेवढा लिहिणारे पुष्कळ आहेत. ती नोंद नसण्यापेक्षा वाईट. नाडी अनियमित असेल तर ही मशीनं कमी भरवशाची ठरतात, तेव्हा दोनऐवजी तीन वेळा मोजा आणि तसं लिहा.

ब्लूटूथचं मशीन घेतलंच असेल तर दोन गोंधळ ठरलेले. सेल बदलले की काही मशीनांची तारीख मूळपदावर जाते आणि पुढचे सगळे आकडे ॲपमध्ये भलत्याच वर्षी जाऊन बसतात. सेल बदलल्यावर आधी तारीख-वेळ लावा. दुसरा गोंधळ, घरात दोघं मोजणारे आणि मशीनवरचं ‘१/२’ बटण विसरणारे. नवऱ्याचे आकडे बायकोच्या खात्यात गेले तर ते मागाहून वेगळे करता येत नाहीत.

साखर

ग्लुकोमीटरच्या आकड्यात सगळ्यात मोठी चूक बोटावरच्या साखरेने होते. फळ सोलून हात न धुता टोचलं तर आकडा सहज भरमसाट येतो. साबण-पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडे करा, ओल्या बोटावर थेंब पातळ होतो. टोचायचं बोटाच्या टोकावर मधोमध नाही, बाजूला. तिथे दुखतं कमी. थेंब येईना म्हणून बोट पिळू नका, हात खाली सोडून जरा झटका. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद करा, हवेतल्या ओलाव्याने स्ट्रिप खराब होते आणि तसं दिसत नाही. मीटरला नियमानेच १५ टक्के इकडे-तिकडे चालतं, त्यामुळे १४० आणि १५२ यांत फरक शोधत बसू नका.

ॲपमध्ये एकक तपासा. काही देशांत मिलिग्रॅम चालतं, काही ठिकाणी मिलिमोल. मिलिमोलच्या आकड्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम येतं. आकड्यापुढे ‘उपाशीपोटी’ की ‘जेवणानंतर दोन तासांनी’ हे नसेल तर तो आकडा वाया गेला.

दंडावर चिकटवायचा सेन्सर फोनवर सतत आकडे पाठवतो, पण तो रक्तातली साखर मोजत नाही, पेशींभोवतीच्या द्रवातली मोजतो. म्हणून साखर झपाट्याने चढत-उतरत असताना तो काही मिनिटं मागे असतो. रात्री त्याच कुशीवर झोपल्याने सेन्सर दाबला गेला तरी साखर खोटीच खाली दिसते आणि गजर होतो. जे वाटतंय ते आणि आकडा जुळत नसेल तर बोट टोचून खात्री करा. आणि त्वचेला न टोचता साखर सांगणारी घड्याळं, अंगठ्या घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असं एकही घड्याळ किंवा अंगठी मंजूर केलेली नसल्याचा इशारा फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. अशा आकड्यावर इन्सुलिन घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

फोटो आणि व्हिडिओ

फोनने वैद्यकीत सगळ्यात खरा फरक इथे पाडला. पुरळ दवाखान्यात पोचेपर्यंत मावळतं, फिटचा झटका थांबतो, चालताना जाणारा तोल डॉक्टरांसमोर नेमका सांभाळला जातो. पूर्वी हे सगळं तोंडी सांगावं लागे.

चट्ट्याचे तीन फोटो काढा. पहिला लांबून, पूर्ण हात किंवा पूर्ण पाठ दिसेल असा, म्हणजे जागा कळते. दुसरा फूटभरावरून. तिसरा जवळून, आणि त्यात बाजूला पट्टी किंवा नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. आधी लेन्स पुसा. निम्मे धूसर फोटो बोटाच्या तेलकटपणामुळे असतात. खिडकीजवळचा दिवसाचा उजेड घ्या, फ्लॅश बंद, त्वचा उजळवणारे फिल्टर बंद. पिवळ्या दिव्याखाली सगळेच काविळीचे दिसतात. फार जवळ गेलं की कॅमेऱ्याला फोकस धरता येत नाही, त्यापेक्षा थोडं मागे सरकून दुप्पट झूम करा आणि पडद्यावर चट्ट्यावरच बोट टेकवून फोकस पक्का करा. गडद त्वचेवर लाली फोटोत जांभळट किंवा तपकिरी येते, म्हणून हाताला काय लागलं तेही लिहा: गरम आहे, उंच आहे, खरखरीत आहे, दुखतं की खाजतं.

ताप असताना लाल-जांभळे ठिपके उठले तर काचेचा पारदर्शक ग्लास त्यावर दाबा आणि काचेतून बघा. दाबल्यावर ठिपके फिके झाले नाहीत तर फोटोच्या उत्तराची वाट बघू नका, तडक इस्पितळ गाठा.

मेसेजिंग ॲप फोटो दाबून लहान करतं आणि बारीक तपशील जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलात तर मूळ फोटो जसाच्या तसा जातो, पण फोटोत नोंदलेलं ठिकाणही सोबत जातं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधी बंद करा. तीळ कर्करोगाचा आहे का हे फोटोवरून सांगणाऱ्या ॲपवर विसंबू नका. वाढणारा, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ डॉक्टरांनी प्रत्यक्षच बघायचा असतो.

फिटचा झटका आला तर आधी माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात काही घालू नका. मग दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढू द्या. चेहरा आणि दोन्ही हात एकाच चौकटीत हवेत: डोळे उघडे की मिटलेले, मान कुठे वळली, कुठला हात आधी उडाला. झटका थांबल्यावरही दोन मिनिटं चालू ठेवा आणि नाव घेऊन हाक मारा; शुद्ध कशी परत येते हे डॉक्टरांना हवं असतं. व्हिडिओवरची वेळ आपोआप कामी येते. पाच मिनिटांत थांबला नाही तर तातडीची मदत बोलवा.

व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलताना

खिडकी तोंडासमोर हवी, पाठीशी असली तर डॉक्टरांना नुसती काळी आकृती दिसते. फोन कशाला तरी टेकवून ठेवा, कारण ‘पोट इथे दाबून बघा’ म्हटलं की दोन्ही हात मोकळे लागतात. चित्र अडकू लागलं तर कॅमेरा बंद करा, आवाज चालू ठेवा. कॉल तुटला तर कोण कुणाला कुठल्या नंबरावर फोन करणार हे सुरुवातीलाच ठरवा.

हाताशी ठेवा: ताप, वजन, नाडी, आणि चालू गोळ्यांची पाकिटं. ‘ती पांढरी छोटी गोळी’ यावरून काही कळत नाही. नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही हवेत. पाकीट कापताना नाव जातं, म्हणून नवं पाकीट आणल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा.

लहान मुलाचा खोकला असेल तर श्वास मोजून ठेवा. मूल शांत किंवा झोपलेलं हवं, रडताना किंवा दूध पिताना मोजायचं नाही. कपडा वर करा, फोनवर ६० सेकंदांचा टायमर लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चालला आहे. फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, मूल पीत नसेल किंवा सुस्त पडलं असेल तर व्हिडिओ कॉल सोडा आणि निघा.

डॉक्टरांनी सांगितलेला डोस कॉल संपण्याआधी आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवा.

घड्याळाचा ईसीजी

अर्ध्या मिनिटाचा, एकाच कोनातून घेतलेला. ठोक्यांची लय बिघडली आहे का, इतकंच तो बघतो. हार्ट अटॅक तो ओळखत नाही, मग पडद्यावर ‘लय सामान्य’ येवो की काही येवो. छातीत दुखत असताना त्यावर वेळ घालवू नका. धडधड होत असतानाच काढा, हात टेबलावर टेकवून, न बोलता. ‘अनिर्णित’ बहुधा हात हलल्याने किंवा घड्याळ सैल असल्याने येतं. पीडीएफ जपून ठेवा, डॉक्टर ॲपचं वाक्य वाचत नाहीत, रेघ वाचतात.

पेसमेकर बसवला असेल तर फोन छातीच्या खिशात नको. आत चुंबक असलेल्या फोनपासून किमान १५ सेंटिमीटर आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर अंतर ठेवा.

गोळीचा गजर

ॲपचा गजर न वाजण्याचं नेहमीचं कारण म्हणजे फोनची बॅटरी-बचत. ती मागे चाललेली ॲप बंद करते. सेटिंगमध्ये त्या ॲपला या बचतीतून सूट द्या, नाहीतर सरळ फोनच्या घड्याळातला गजर लावा आणि त्याला गोळीचं नाव द्या. ‘घेतली’वर टिचकी गोळी गिळल्यावरच मारा. आधी टिचकी, मग पाणी आणायला जाणं, मग दाराची बेल, असं झालं की संध्याकाळी ॲप म्हणतं घेतली आणि पाकिटात गोळी तशीच. चुकलेल्या डोसाची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. त्या औषधाचा नियम आधीच विचारून तिथेच लिहून ठेवा.

गजराहून माणसाचा मेसेज जास्त चालतो. केनियात एचआयव्हीच्या रुग्णांना दवाखान्यातून आठवड्याला एकच मेसेज जाई: ‘मांबो?’, म्हणजे कसं काय. रुग्णाने ४८ तासांत ‘सावा’ (ठीक) किंवा ‘शिडा’ (अडचण आहे) कळवायचं. अडचण असली की नर्स फोन करी. २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाच्या निकालात या रुग्णांनी गोळ्या जास्त नियमित घेतल्या होत्या आणि विषाणूही जास्त आटोक्यात होता. साधे फोन, साधे मेसेज. लांब राहणाऱ्या आई-वडिलांसाठी हे उद्यापासून करता येतं.

लॉक पडद्यावरची माहिती

आयफोनमध्ये हेल्थ ॲपमधला ‘मेडिकल आयडी’, अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधला सुरक्षा आणि आणीबाणीचा भाग. भरायचं ते थोडक्यात: कुठल्या औषधाची ॲलर्जी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे का, मोठे आजार, रक्तगट, दोन माणसांचे नंबर. भरून झालं की फोन लॉक करून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि पासवर्ड न सांगता तुमची ॲलर्जी शोधायला लावा. मिनिटभरात सापडली नाही तर ‘लॉक असताना दाखवा’ हे बटण बंद राहिलं आहे.